बाप अमळनेरला, भाऊ बऱ्हाणपूरला, आपण सुरतला: मोठ्या माणसाचं पालकत्व मागायचं कुठल्या कोर्टात?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. वडील ७८ वर्षांचे, झेडपीचे रिटायर्ड मास्तर, अमळनेर तालुक्यात गावी राहतात, तीन वर्षांपासून विसरायला लागले आणि दिवाळीनंतर लकवा मारून गेला, आता कधी ओळखतात कधी नाही. आई वारली. धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, जन्मापासून मतिमंद, वडिलांजवळच असतो. तुम्ही सुरतला उधन्यात, मोठे भाऊ बऱ्हाणपूरला लूमच्या धंद्यात, बहीण पुण्याला. गावी साडेसहा एकर, बऱ्हाणपूरला वडिलांच्या नावावर एक घर, पेन्शनचं खातं अमळनेरला, एफडी सुरतला. मोठ्या भावाने बऱ्हाणपूरच्या घराचा दोन लाख इसार घेऊनही टाकला. आणि तुम्ही विचारताय की वडिलांचा गार्डियन म्हणून आपलं नाव लावून घ्यायचं तर केस कुठल्या राज्यात टाकू, आणि एकदा कागद हातात आला की तिन्ही राज्यांत चालेल ना.

मी जळगाव जिल्ह्यात २६ वर्षं दिवाणीच करतोय आणि खरं सांगतो, हा प्रश्न पूर्वी वर्षातून एखादा यायचा, आता महिन्याला येतो. कारण साधं आहे, आपल्या खान्देशातलं अर्धं तरणं मनुष्यबळ ताप्ती लाईनच्या (सुरत-भुसावळ) रेल्वेने सुरतला गेलं, म्हातारी माणसं गावी राहिली. लोक येऊन म्हणतात, "वकीलसाहेब, बाप मना शे, मंग कोर्ट कसाले?" बाप तुमचाच आहे हो, पण बापाची सही तुमची नाही.

आता ऐका. तुम्ही प्रश्न एक विचारलाय पण तुमच्या घरात केसेस दोन आहेत, आणि दोघांचा कायदा वेगळा, दार वेगळं. वडिलांचं एक आणि धाकट्या भावाचं दुसरं. ९० टक्के घरांत ही गल्लत होते, सगळे मालमत्तेकडे बघून कोर्ट शोधायला लागतात, "घर एमपीत आहे म्हणजे एमपीत केस". तसं नसतं. आधी माणूस बघायचा, त्याला नेमकं काय झालंय ते बघायचं, मग तो कुठे राहतो ते, आणि जमीन-घर-पैसे शेवटी.

गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० चा आहे, पण तो फक्त १८ च्या आतल्या मुलांसाठी. मोठ्या माणसाला तो लागूच होत नाही. तरी आजही लोक जिल्हा कोर्टात त्याच कायद्याखाली बापासाठी अर्ज टाकतात आणि वर्षभराने तो फेटाळून घेतात. पूर्वी १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट होता, त्यात जिल्हा कोर्ट चौकशी करून मानसिक आजारी माणसाच्या मालमत्तेला मॅनेजर नेमू शकायचं. त्याच्या जागी २०१७ चा नवीन कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्यात मालमत्तेचं ते प्रकरणच नाही. नवीन कायदा उपचारापुरता, म्हणजे कोरा कागद घेऊन लिहून ठेवता येतं की मी आजारी पडलो तर माझ्या वतीने अमका बोलेल, त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. त्या कागदावर बँकेतले पैसे निघत नाहीत की सातबारा हलत नाही. जुने वकील, जुने क्लार्क अजून ८७ च्या कायद्याची नावं घेतात, तर तुम्हाला कुणी तसं सांगितलं तर नुसतं ऐकून घ्या.

आधी धाकट्या भावाचं सांगतो कारण ते सोपं आहे आणि ते लगेच करता येईल. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चार गोष्टींसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे. त्यात कोर्टात जावं लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, कलेक्टर किंवा त्या दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिघांची. अर्ज आई-वडीलच करू शकतात असं नाही, रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं असलेला कुणीही नातेवाईक करू शकतो. म्हणजे तुम्ही सुरतला राहत असलात तरी अर्जदार होऊ शकता, फक्त अर्ज जळगावच्या समितीकडे करायचा कारण भाऊ जळगाव जिल्ह्यात राहतो. सुरतच्या समितीचा इथे काही संबंध नाही. समितीला पटलं की ती फॉर्म बी मध्ये पालकत्वाचा दाखला देते, आणि केंद्राचा कायदा असल्यामुळे तो दाखला राज्याच्या हद्दीवर अडत नाही. रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना कळवलंय की या समितीचा दाखला खातं उघडायला आणि चालवायला मान्य करा. सुरतचा मॅनेजर "आम्हाला कोर्टाचीच ऑर्डर लागते" असं म्हणाला तर ते सर्क्युलर प्रिंट काढून शांतपणे टेबलावर ठेवा, भांडू नका.

पण समितीचा पहिला प्रश्न हमखास असा असतो की तुम्ही सुरतला, मुलगा अमळनेरला, मग त्याला जेवू कोण घालणार? याचं उत्तर तयार ठेवून जा. एक तर भाऊ तुमच्याकडे येणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर गावी कोण बघणार त्या माणसाचं नाव, त्याची संमती लिहा. दाखला मिळाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हे कुणी करत नाही आणि मग दहा वर्षांनी चुलत भाऊ तक्रार करतो तेव्हा पळापळ होते, कारण हयगय केली तर समिती पालकाला काढूही शकते. एका वहीत लिहून ठेवा, औषध, कपडे, डॉक्टर, सगळं.

तुम्ही सातबाराचा फोटो पाठवलाय त्यात भावाच्या नावापुढे "अपाक" म्हणून वडिलांचं नाव दिसतंय. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आजोबा गेले तेव्हा वारस नोंद झाली, त्या वेळी भाऊ लहान होता म्हणून ती नोंद. तो १८ चा झाला त्या दिवशी त्या नोंदीचा जीव गेला, फक्त कुणी काढली नाही. लोकांना वाटतं पोरगं मतिमंद आहे म्हणजे बाप कायमचा पालक. नाही. १८ नंतर मतिमंद मुलाचाही आपोआप कुणी पालक नसतो, आई-बाप सुद्धा नाही, म्हणून तर हा १९९९ चा कायदा आणावा लागला. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तो दुरुस्तीचा अर्ज आजच टाकून ठेवा, सोबत समितीचा दाखला आला की लावू.

अजून एक, हे पैशाचं आहे म्हणून नीट वाचा. मास्तरांची पेन्शन आहे, तर वडिलांच्या पश्चात कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ती नोंद वडील हयात असताना पेन्शनच्या कागदात घालून घेतली तर पुढे दहा चकरा वाचतात. पंचायत समितीत जाऊन बघा भावाचं नाव कुटुंबाच्या यादीत आहे का, आणि त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. दिव्यांगत्वाचा दाखला कायद्यानेच देशभर चालतो, जळगावला काढलेला सुरतला परत काढावा लागत नाही.

आता वडील. इथे खरी अडचण आहे.

लकवा, स्मृतिभ्रंश, कोमा, या लोकांसाठी आपल्या देशात थेट असा कायदाच नाही. नॅशनल ट्रस्टच्या चार गोष्टींत ते बसत नाहीत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे जिल्हा कोर्ट किंवा राज्याने नेमलेला अधिकारी एखाद्या ठराविक निर्णयासाठी, ठराविक मुदतीसाठी पालक देऊ शकतो, आणि तो पालक मालक नसतो, त्या माणसाला विचारून, त्याच्या मर्जीप्रमाणे चालायचं असतं. त्या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, स्मृतिभ्रंश हे नाव त्यात नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि निर्णयशक्ती बिघडणं हे शब्द आहेत, त्यातून वाट काढता येते, पण वाद होतो. म्हणून वडिलांसारख्या केसमध्ये, जिथे जमीन, घर, बँक, पेन्शन असं सगळंच अडकलंय, तिथे मी सरळ हायकोर्टात रिट करायचा सल्ला देतो, घटनेच्या कलम २२६ खाली. ज्याचं कुणी कायद्याने बघू शकत नाही त्याचा पालक शेवटी कोर्ट, हे तत्त्व. केरळ हायकोर्टाने २०१९ ला कोमातल्या माणसांसाठी पद्धतच घालून दिली, मेडिकल बोर्डाचा रिपोर्ट, तहसीलदाराच्या खाली नाही अशा महसूल अधिकाऱ्याकडून मालमत्तेची आणि वारसांची चौकशी, आणि पालकाने दर सहा महिन्यांनी कोर्टात अहवाल. आपल्या मुंबई हायकोर्टाने २०२० ला कोमासारख्या अवस्थेतल्या एका माणसाच्या बायकोला पालक नेमलं आणि देखरेख राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिली. मद्रासला २०२४ मध्ये तर एकल न्यायाधीशांनी "दिवाणी कोर्टात जा" म्हणून परत पाठवलेल्या बाईला खंडपीठाने नवऱ्याची प्रॉपर्टी विकायची परवानगी दिली, पण ५० लाख नवऱ्याच्या नावे एफडीत ठेवायचे ही अट घालून. अट कोर्ट घालणारच, ते मनात धरूनच अर्ज लिहायचा.

मग कुठलं हायकोर्ट? वडील अमळनेर तालुक्यात राहतात, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे, म्हणजे संभाजीनगरला. तिथेच. अहमदाबादला नाही, कारण गुजरातमध्ये तुम्ही राहता, वडील नाही, आणि तिथे फक्त एक एफडी आहे. आणि मध्य प्रदेशातही नाही. तिथली गंमत अशी की बऱ्हाणपूर इंदूर खंडपीठाकडे येत नाही, ते जबलपूरला लागतं. मोठ्या भावाला वाटत असेल इंदूरला जाऊन येऊ, तर जबलपूरचं तिकीट बघा म्हणावं.

कलम २२६ (२) मध्ये अशी सोय आहे की कारणाचा काही भाग आपल्या हद्दीत घडला असेल तर हायकोर्ट हद्दीबाहेरच्या अधिकाऱ्यालाही आदेश देऊ शकतं. वडील इथे, आजार इथे, पेन्शन इथे, शेती इथे, म्हणून औरंगाबादला बऱ्हाणपूरचं घर आणि सुरतची एफडी दोन्ही एकाच अर्जात घालता येतात. तसंच घाला. तीन राज्यांत तीन अर्ज टाकायची चूक करू नका. माझ्याकडे शिरपूरकडचं एक घर आलं होतं, आई दोघा भावांत वाटून घेतल्यासारखी, सहा महिने इकडे सहा महिने तिकडे, एकाने औरंगाबादला रिट टाकलं, दुसऱ्याने दोन महिन्यांनी अहमदाबादला टाकलं, आणि दोघांनीही आपल्या अर्जात दुसऱ्याच्या अर्जाचा शब्द लिहिला नाही. पुढे काय व्हायचं ते झालं, कळल्यावर दोन्हीकडे तारखा पडत गेल्या, दोघांना लपवाछपवी केली म्हणून ऐकून घ्यावं लागलं आणि तोवर आईच गेली. नंतर दोघं भाऊ माझ्या ऑफिसात वारस नोंदीसाठी आले तेव्हा एकमेकांशी बोलत सुद्धा नव्हते, माझ्याशी बोलायचे, मी मधे दुभाष्या.

म्हणून एक अगदी जपून सांगतो. अर्ज चालू असताना वडिलांना उचलून सुरतला नेऊ नका, आणि मोठ्या भावालाही नेऊ देऊ नका. औषधपाण्यासाठी न्यायचं झालं तर जरूर न्या, जीव आधी, पण बाकीच्यांना मेसेज करून, तारीख लिहून, परत कधी आणणार ते लिहून न्या. नाहीतर दुसरी बाजू हेबियस कॉर्पस टाकते, "आमच्या बापाला डांबून ठेवलंय" म्हणून. हे गंमत म्हणून सांगत नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे २२ वर्षांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं असंच प्रकरण होतं, आई अमेरिकेत, बापाने भारतात ठेवून घेतलेला, कोर्टाने बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडून त्याची समज तपासून घेतली आणि त्याला आईबरोबर परत पाठवलं. अमेरिकेत बरं का, याच कटकटीसाठी २००७ साली एक नमुना कायदाच केला, बहुतेक राज्यांनी तो घेतला, की माणूस सलग सहा महिने ज्या राज्यात राहिला ते त्याचं घरचं राज्य आणि केस तिथेच, आणि पालकत्व एका राज्यातून दुसऱ्यात बदली करून घ्यायचीही पद्धत ठरलेली. आपल्याकडे असं काही नाही, पण कोर्ट शेवटी बघतं तेच, माणूस रोज झोपतो कुठे आणि त्याला बघतो कोण.

आता बहीण. तुमच्या पूर्ण लिखाणात बहिणीचं नाव एकदाच आलंय, "बहीण पुण्याला आहे, तिला काही अपेक्षा नाही." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि त्यातलं निम्मं खरं नसतं. अपेक्षा नाही असं तिने सांगितलंय की तुम्ही गृहीत धरलंय? आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची पद्धत इतकी मुरलेली आहे की भावांना त्यात काही वावगंच वाटत नाही, साडी-चोळी केली की झालं. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगून टाकलं की बाप २००५ ला जिवंत असो नसो. मी हे तुम्हाला नीतीचं सांगत नाहीये, केसचं सांगतोय. हायकोर्टात अशा अर्जात पहिली गोष्ट बघतात की सगळ्या वारसांना माहिती आहे का. बहिणीचं संमतीचं ॲफिडेव्हिट असेल तर मेडिकल बोर्डाचा रिपोर्ट आला की पुढचं सरळ चालतं, ती विरोधात उभी राहिली तर तीच केस भाऊबंदकीचा दावा होऊन बसते आणि कोर्ट म्हणतं जा दिवाणीत. उलट मी तर म्हणतो पालक म्हणून बहिणीचं नाव तुमच्याबरोबर जोडा. एकाला सही, एकाला हिशोब. पुण्याहून सही करायला येईल ती, नाही असं नाही.

हे बोलणं फोनवर करू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते ना, किंवा श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना सगळं घर गावी जमतंच, सुरतवाले पण येतात, बऱ्हाणपूरवाले पण. तेव्हा बसा. वडिलांनाही बसवा समोर, काही कळलं नाही तरी. मी एकदा अशा बैठकीला स्वतः गेलो होतो, म्हातारबुवा तासभर भिंतीकडे बघत होते, आणि शेती विकायचा विषय निघाल्यावर एकदम म्हणाले, "खालनं वावर इकानं नही." बाकी काही बोलले नाहीत. त्या घराने ते वावर ठेवलं आणि अर्जातही तसं लिहिलं, न्यायमूर्तींनी ते वाचून आमच्याकडे बघितलं, आणि मला वाटतं ऑर्डर तिथेच झाली.

वडील "कधी ओळखतात कधी नाही" असं तुम्ही लिहिलंय म्हणून हेही बघू. करार करायला माणूस त्या क्षणी शुद्धीत असावा लागतो, बाकी वेळ तो नसला तरी चालतं असं करार कायद्यात आहे. म्हणजे चांगल्या दिवशी केलेलं काही काम कायदेशीर ठरू शकतं. पण त्या दिवसाचं न्यूरोलॉजिस्टचं लेखी पाहिजे, गावच्या डॉक्टरने लेटरपॅडवर "फिट" लिहून देणं नाही. मी माझ्या पक्षकारांना स्पष्ट सांगतो, लकवा झाल्यानंतर मृत्युपत्र, बक्षीसपत्र करू नका. शंभरातले नव्वद पुढे आव्हानात जातात. वडिलांनी आजाराआधी काही लिहून ठेवलंय का ते मात्र ट्रंकेत शोधा, जुन्या मास्तरांना लिहून ठेवायची सवय असते.

आणि ती पॉवर ऑफ अटर्नी. मोठे भाऊ म्हणतायत त्यांच्याकडे वडिलांचं २०१९ चं कुलमुखत्यारपत्र आहे. असू द्या. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की देणाऱ्याची बुद्धी गेली की एजन्सी संपते. माणूस बेशुद्ध झाल्यावर कामी यावी म्हणूनच लोक पॉवर करून ठेवतात, आणि नेमकी तेव्हाच ती मरते, हा आपल्या कायद्यातला मोठा विनोद आहे. अजून बघा, त्या पॉवरवर दस्त नोंदवायला हजर व्हायचं असेल तर रजिस्ट्रेशन कायद्याचं कलम ३३ लागतं, देणारा ज्याच्या हद्दीत राहतो त्या सब-रजिस्ट्रारपुढे ती झालेली असली पाहिजे. वडील अमळनेरला राहत होते आणि पॉवर बऱ्हाणपूरला नोटरीकडे केली असेल तर ती तशीही लंगडी होती.

बँकेचं थोडक्यात. पेन्शन खात्यावर वडिलांचा अंगठा, तो नाही जमला तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस, ही रिझर्व्ह बँकेची जुनी सोय आहे, पण ती शरीराने असमर्थ असलेल्यासाठी आहे, ज्याला कळतंय त्याच्यासाठी. वडिलांना कळत नसेल त्या दिवशी ती वापरू नका. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मात्र चुकवू नका, पेन्शन थांबली की सुरू करायला जीव जातो. सुरतची एफडी "आयदर ऑर सर्व्हायव्हर", म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवू शकेल अशी, आहे का बघा, जॉइंट असेल तर अर्धं काम झालंच.

रिटमध्ये काय लिहायचं ते तुमचा वकील बघेल, पण दोन गोष्टी त्याला सांगा. एक, प्रत्येक बँकेला, शाखेच्या नावासकट, प्रतिवादी करा, आणि ऑर्डरमध्ये खाते क्रमांक, गट नंबर, बऱ्हाणपूरच्या घराचा नगर निगमचा नंबर हे सगळं नावानिशी यायला हवं. "सर्व मालमत्ता" असं मोघम लिहिलेली ऑर्डर जळगावातच चालत नाही, बऱ्हाणपूरच्या बाबूला तर महाराष्ट्राचा कागद म्हटल्यावर आधीच कपाळावर आठ्या. दुसरं, रोजचा खर्च, औषध, केअरटेकर, पेन्शन काढणं, शेती बटाईने देणं ही परवानगी आधी मागा, विक्री मागू नका. विक्रीची वेळ आली तर त्याच कोर्टात वेगळा अर्ज, किंमत किती, पैसे कुठे ठेवणार हे सांगून. पहिल्याच अर्जात घर विकायचं लिहिलं की न्यायमूर्तींना वाटतं बाप नको, घर हवंय. ऑर्डर मिळाल्यावर चार-पाच सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा, झेरॉक्सवर दुसऱ्या राज्यात कुणी हात लावत नाही. एवढं करूनही बऱ्हाणपूरला नाहीच ऐकलं तर मग जबलपूरला फक्त अंमलबजावणीपुरती छोटी याचिका, सोबत इथली ऑर्डर. ती चालते, कारण मूळ प्रश्न सुटलेला असतो.

तोवर अडीअडचणीला पैसा नसेल, म्हणजे मोठे भाऊ वडिलांच्या औषधाला हात आखडता घेत असतील, तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रांतांकडे अर्ज, आणि तो अर्ज वडील राहतात त्या जिल्ह्यातही होतो किंवा मुलगा राहतो त्या जिल्ह्यातही, तेव्हा अमळनेरलाच टाकता येतो, बऱ्हाणपूरला जायची गरज नाही. पण भावाभावांत ही पायरी येऊ देऊ नका एवढंच.

राहिला तो इसार. वडिलांना कळत नसताना त्यांच्या घराचा इसार घेणं, पॉवर मेलेली असताना, हे मोठ्या भावाच्या गळ्याशी येईल, आणि घेणारा उद्या फसवणुकीची तक्रार करेल तर इसार पावतीवर साक्षीदार म्हणून तुमचीही सही आहे असं तुम्हीच लिहिलंय. कानबाईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात बऱ्हाणपूरला जा, भावाला सोबत घ्या, घेणाऱ्याला खरं सांगा की वडिलांची तब्येत अशी आहे, कोर्टाची परवानगी मिळाली तर पहिला तुम्हालाच विचारू, आणि दोन लाख चेकने परत करा, रोख नाही. मूळ इसार पावती परत मागून घ्या, तिच्यावर "रद्द, रक्कम मिळाली" असं त्याच्या हाताने लिहून, सही-तारखेसकट. ती पावती फाडू नका, अर्जाला जोडायची आहे.